बोट बदलायचीय: चॅपरल, सी रे, जुनी कोबाल्ट की यामाहा? (लेक लेनियर, फॅमिलीसाठी)

लेनियरकर

मंडळी, अटलांटा साइडचे कोणी बोटवाले आहेत का इथे? आम्ही कमिंगला राहतो, लेक लेनियर घरापासून हाकेच्या अंतरावर. सध्या एक जुनी 17 फुटी बोराइडर (पुढच्या नाकातही सीटा असलेली उघडी बोट) आहे, 3.0 लिटरचं मर्क्रूझर इंजिन, 135 हॉर्सपॉवर. चौघांना ठीक होती पण आता पोरगा 14 चा, पोरगी 9 ची, दोघांचे मित्रमैत्रिणी आलेच पाहिजेत, बोटीमागे हवेची ट्यूब ओढलीच पाहिजे, शिवाय उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा येतात. सगळे बसले की बोट नाक वर करून नुसती पाणी ढकलत राहते, प्लेनवर (वेग घेऊन पाण्यावर उचलून सपाट पळायला) यायचं नावच घेत नाही. आणि शनिवारी दुपारी मोठ्या क्रूझरांच्या लाटा सुरू झाल्या की एसटीच्या मागच्या सीटवर बसून आंबा घाट उतरल्यासारखं होतं. आईने तर सरळ सांगितलं, तुम्ही जाऊन या, मी डॉकवर बसते.

बजेट 60 ते 70 हजार डॉलर, नवी किंवा थोडी वापरलेली, कसंही चालेल. यादीत आत्ता चॅपरल 23 एसएसआय, सी रे एसपीएक्स 230, वापरलेली कोबाल्ट 23-24 फुटातली, आणि यामाहाची जेट (प्रोपेलरऐवजी पाण्याच्या झोताने चालणारी). बायकोची अट एकच, बोटीवर टॉयलेट पाहिजे. पोराला वेकसर्फ (बोटीच्या मागच्या लाटेवर सर्फिंग) करायचंय. वर्षातून एकदा ट्रेलरला लावून फ्लोरिडात समुद्रावर, डेस्टिनला न्यायचा विचार आहे. गाडी टोयोटा हायलँडर.

तीन डीलर झाले, प्रत्येक जण बाकी दोघांच्या बोटी कशा भंगार आहेत तेच सांगतो. ब्रँडचा नक्की किती फरक पडतो हो?

डेकवरचा_दादा

लेनियरकर भाऊ, मीही लेनियरवरच असतो, गेन्सव्हिलच्या बाजूला. आधी एक सांगतो, ब्रँड ब्रँड करतोयस पण यामाहा सोडली तर या सगळ्यांच्या पोटात इंजिन दोनच घरची. मर्क्रूझर नाहीतर व्होल्व्हो पेंटा. सी रे ब्रन्सविक कंपनीची (1986 पासून) आणि मर्क्रूझर बनवणारी मर्क्युरीही ब्रन्सविकचीच, त्यामुळे तिथे तुला मर्कच मिळणार. चॅपरल आणि कोबाल्टमध्ये दोन्हीचे पर्याय सापडतात. म्हणजे पाच वर्षांनी तू ज्याच्यावर पैसे घालणार आहेस ती वस्तू, इंजिन आणि खालचा ड्राइव्ह, तिचा बोटीच्या नावाशी फार संबंध नाही.

फरक पडतो तो हलमध्ये (बोटीच्या तळाच्या सांगाड्यात) आणि वजनात. ब्रोशरमध्ये डेडराइज म्हणून आकडा असतो, मागच्या बाजूला तळाचा व्ही किती खोल आहे तो. 20 अंशाच्या आसपास असेल तर लाट कापते, सपाट तळ असेल तर आपटते. पण नुसता व्ही खोल करूनही भागत नाही, मग बोट उभी असताना डुलते आणि प्लेनवर यायला ताकद जास्त लागते. कोबाल्ट जड असते, लेनियरच्या शनिवारच्या कालवलेल्या पाण्यात ते जडपण कळतं. घडी उघडून पाण्यात खाली जाणारी त्यांची ती स्विम स्टेप (पायरी) आहे ना, ती तुझ्या आईसाठी बघच, पाण्यातून वर यायला शिडीचे गोल दांडे धरत बसावं लागत नाही. कंपनी कॅन्ससमधल्या निओडेशाची, 1968 ची, समुद्र शेकडो मैलांत नाही आणि बोटी अशा बनवतात. 2017 ला मालिबू या बोट कंपनीने घेतली. नवी 23 फुटी लाख डॉलरच्या पुढे जाते म्हणून तू वापरलेलीच म्हणतोयस ते बरोबर आहे.

चॅपरल आपल्या जॉर्जियाचीच, नॅशव्हिल (टेनेसीचं नव्हे, आपलं खालचं छोटं). त्यांचा हल पार मागे स्विम प्लॅटफॉर्मच्या खालपर्यंत पाण्यात असतो, त्यामुळे तितक्याच फुटात टेकायला तळ जास्त मिळतो आणि माणसं मागे बसली तरी नाक कमी वर जातं. तुझी तक्रार नेमकी तीच आहे.

वेकसर्फचं मात्र नीट ऐक. साध्या स्टर्नड्राइव्हच्या (इंजिन आत, ड्राइव्ह मागे बाहेर) मागे सर्फ करायचं नाही म्हणजे नाही, प्रोपेलर ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) मागे उघडा फिरत असतो आणि सर्फर बोटीला चिकटून असतो. त्यासाठी व्होल्व्होचा फॉरवर्ड ड्राइव्ह आहे, 2015 ला आला, त्यात प्रोपेलर पुढे तोंड करून बोटीच्या पोटाखाली जातात. नंतर मर्कनेही ब्राव्हो फोर एस काढला. पोराला खरंच सर्फ करायचं असेल तर हा प्रश्न ब्रँडच्या आधी सोडव, कारण नंतर बदलता येत नाही (येतो, पण त्या खर्चात कॉलेजची एक टर्म निघेल).

नॉर्मनवाली

आम्ही शार्लटला, लेक नॉर्मनवर. सगळे पुरुष व्ही आणि हॉर्सपॉवर बोलणार हे माहीतच होतं 😄 दादा, तुमचं सगळं बरोबर असेल पण ज्या बाई डॉकवर बसते म्हणतायत त्यांचं काय?

माझ्या सासूबाई 74 च्या, दोन्ही गुडघे गेलेले. बोराइडरमध्ये चढायचं म्हणजे डॉकवरून आधी गनेलवर (बोटीच्या काठावर) पाय, मग सीटच्या गादीवर पाय, मग खाली. मधल्या त्या क्षणाला बोट डॉकपासून सरकते आणि साडीचा किंवा सलवारचा घोळ पायात. त्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागायचं, मग त्यांना ते ओशाळवाणं वाटायचं, मग त्या नाहीच म्हणायच्या. शेवटी आम्ही ट्रायटून घेतला, तीन नळ्यांचा पाँटून (नळ्यांवर तरंगणारा सपाट डेक), 200 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड (मागे बाहेर टांगलेलं इंजिन). बाजूला फाटक, डॉकच्या लेव्हलला जमीन, चालत आत. स्वतःच्या पायाने येतात, खुर्चीत बसतात, डबा उघडतात. आमची बेनिंग्टन आहे पण हॅरिस, बार्लेटा कुठलीही बघा, तीन नळ्या हव्यात, दोन नकोत, दोनवाली वळणात बाहेर झुकते आणि ट्यूब ओढताना जोर कमी पडतो.

टॉयलेटचं म्हणाल तर डीलरला दार उघडायला लावा आणि वहिनींनी आत प्रत्यक्ष बसून बघावं, मी गंमत करत नाहीये. 23 फुटी बोटींत जिथे हेड कंपार्टमेंट (टॉयलेटची खोली) म्हणून दाखवतात तिथे कित्येकदा कन्सोलखाली वाकून शिरायचं असतं, आत पोर्टा-पॉटी (उचलून नेता येणारं टॉयलेट), आणि मान वर केली की डोकं आपटतं. सी रेचीच एसडीएक्स 250 घेतली तर जागा बरी आहे, पण ती डेकबोट, पुढून रुंद, लाटेत वेगळी वागते. पाँटूनवर पडद्याची चेंजिंग रूम असते तिच्यात पॉटी ठेवता येते, राजेशाही नाही पण उभं राहता येतं.

जेटवाला_डॅलस

यामाहाच्या बाजूने कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे 242 आहे, लेक लुईसव्हिलवर आणि कधीतरी टेक्सोमाला. 1.8 लिटरची दोन इंजिनं, मागे प्रोपेलरच नाही, 9 वर्षांची पोरगी मागच्या प्लॅटफॉर्मवर पाय सोडून बसलेली असताना हे समाधान फार मोठं आहे. आतून सगळं पाणी निघून जातं म्हणून हिवाळ्याची कामंही कमी. मागच्या सीटची जागा बाकी कुठल्या ब्रँडमध्ये नाही.

वाईटही सांगतो, नाहीतर दादा सांगतीलच. आवाज आहे. 4 हजार आरपीएमच्या वर मागच्या माणसाशी बोलायचं तर ओरडून. नो वेक झोनमध्ये (जिथे लाट उठू न देता हळू जायचं असतं) जाताना नाक डावीउजवीकडे भटकतं, स्टिअरिंगशी सतत खेळत राहावं लागतं. आणि थ्रॉटल सोडला की स्टिअरिंगही जवळजवळ गेलं, कारण वळवणारा तो पाण्याचा झोतच बंद. नव्या मॉडेलांत तळाला हलणारा कील (बोट सरळ ठेवणारा पंखा) आहे, बराच सुधारलाय. दोरी किंवा गवत आत ओढलं गेलं तर मागचं झाकण उघडून क्लीनआउट पोर्टमधून हात घालून काढायचं, इंजिन बंद करून आणि किल्ली काढून. उथळ पाण्यात वाळू, खडे ओढतो. लेनियरची लेव्हल 1071 फुटांच्या (तलाव भरलेला असतानाच्या पातळीच्या) खूप खाली गेली की तुमच्याकडे किनारे उघडे पडतात ना, तेव्हा जपून.

डेकवरचा_दादा

@नॉर्मनवाली ताई, फाटकाचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण लेनियरच्या मुख्य भागात, बुफर्ड डॅमकडच्या मोकळ्या पाण्यात, 4 जुलैच्या वीकेंडला पाँटून घेऊन बघा. मागून 40 फुटी क्रूझर गेला, तुम्ही थ्रॉटल सोडला की पुढचा भाग लाटेखाली जातो आणि पाणी फाटकाखालून थेट पायात. थ्रॉटल न सोडता, तिरकी धरून लाट घ्यायची असते. येतं जमायला, पण ज्याला जमत नाही तो आपली सगळी माणसं पुढच्या सोफ्यावर बसवून ठेवतो आणि मग काय व्हायचं ते होतं.

आणि जॉर्जियात हिवाळा नाही असं समजू नकोस लेनियरकर. 2022 च्या ख्रिसमसला अटलांटा 8 फॅरनहाइटला गेलं होतं. आमच्या मरिनात इंजिनातलं पाणी न काढलेल्या दोन-तीन बोटींचे इंजिन ब्लॉक तडकले, मालक मेक्सिकोला सुट्टीवर. वापरलेली घेताना हे विचारायचंच: विंटराइज (थंडीआधी इंजिनातलं पाणी काढणं वगैरे) कोणी केलं, बिलं आहेत का. इंजिन ऑइलची आणि ड्राइव्हच्या गिअर ऑइलची डिपस्टिक बघ, दुधाळ दिसलं तर तिथूनच नमस्कार करून निघ. ट्रान्समवर रबरी हातोडीने ठोकत जा, आवाज टणक पाहिजे, मध्येच बोदा आला की आतलं लाकूड भिजलेलंय. आणि 70 हजार देणार असशील तर मरिन सर्व्हेयरला (बोट तपासून देणाऱ्या तज्ज्ञाला) पैसे द्यायला कचरू नकोस, डीलरने सुचवलेला नको, आपला शोधलेला.

रेवदंड्याचा_नाखवा

मी तिकडचा नाही, अलिबाग साइडला असतो, फिशिंगच्या आणि पर्यटकांच्या बोटींची आउटबोर्ड रिपेअर करतो, सहज वाचत होतो. तुमी डेस्टिन म्हणालात म्हणजे समुद्र आला. खारं पाणी कुणाला सोडत नाही, ब्रँड बिँड काय नाय. इनबोर्ड (बोटीच्या आतलं) इंजिन घेत असाल तर एकच विचारा, क्लोज्ड कूलिंग आहे का. म्हणजे ब्लॉकमध्ये कूलंट फिरतं आणि खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरपर्यंत. रॉ वॉटरवालं असेल तर तेच खारं पाणी ब्लॉकमधून आणि मॅनिफोल्डमधून फिरतं, आतून खपल्या धरतात, बाहेरून कळत पण नाय. आठवडाभर समुद्रात ठेवलीत तर रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लश करा, कंटाळा करू नका. अ‍ॅनोडपण (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) बघा, गोड्या पाण्याच्या बोटीला कधी मॅग्नेशियमचे लावलेले असतात, समुद्राला जस्ताचे नायतर अ‍ॅल्युमिनियमचे लागतात. ट्रेलरचे ब्रेक, बेअरिंग पण धुवायचे, तिथेच पयला गंज.

आउटबोर्ड घेतलंत तर सगळ्यात सोपं, टिल्ट करून पाण्याच्या बाहेर काढता येतं. आमच्याकडे उगाच सगळे आउटबोर्ड नाय लावत.

लेनियरकर

बाप रे, सगळ्यांचे मनापासून आभार. नाखवा, क्लोज्ड कूलिंगचं एकाही डीलरने सांगितलं नव्हतं, आज फोन करून विचारलं तर एक जण म्हणाला "ऑप्शन आहे, पण कोणी घेत नाही."

घरात चर्चा झाली. जेट बाद, आवाजामुळे, आईबाबांना ऐकायला आधीच कमी येतं. ट्रायटूनवर बायकोचा जीव अडकलाय नॉर्मनवालींचं वाचून. पोरगा फॉरवर्ड ड्राइव्हच्या मागे. आता वापरलेली चॅपरल फॉरवर्ड ड्राइव्हवाली आणि एक ट्रायटून, दोन्हींची सी ट्रायल (पाण्यात चालवून बघणं) मागितलीय. डीलर मंगळवारी सकाळी 10 ला या म्हणतोय.

डेकवरचा_दादा

मंगळवारी सकाळी 10 ला लेनियर आरशासारखा असतो, त्या पाण्यात परातही छान चालेल. शनिवारी दुपारी 2 ला माग. नाही म्हणाला तर त्याचं उत्तर तुला मिळालं. आई-बाबांसकट सगळी माणसं घेऊन जा, टाकी भरलेली हवी, कूलर भरलेला हवा. आई डॉकवरून आत येतायत तेव्हा तू मदत करू नकोस, उभा राहून बघ. मग सगळ्यांना मागे बसव आणि बोट प्लेनवर यायला किती वेळ घेते, तितका वेळ तुला पुढचं पाणी दिसतं का ते पाहा. क्रूझरची लाट 25 मैलाच्या स्पीडला तिरकी घे. शेवटी इंजिन बंद करून, आडवी लाट लागेल अशी दहा मिनिटं नुसती उभी कर, टॉयलेटला कोणाला तरी तेव्हाच पाठव.

आणि ब्रँडचा जो काही फरक आहे तो बराचसा डीलरच्या सर्व्हिस बेमध्ये असतो. मे महिन्यात बोट बंद पडली तर किती दिवसांनी हातात देणार, हे सेल्सवाल्याला नको, सर्व्हिस काउंटरवर जाऊन विचार.

जेटवाला_डॅलस

जेट बाद केल्याचा निषेध 😀 पण एक कोणी बोललं नाही, हायलँडर. तिची टोइंगची मर्यादा 5 हजार पौंड. 23 फुटी बोट साडेचार हजाराच्या आसपास, ट्रेलर हजार-बाराशे, 50 गॅलन पेट्रोल म्हणजे आणखी 300, वर सामान. 6 हजाराच्या पुढे गेलात. डेस्टिनपर्यंत सहा तास त्या गाडीने नेऊ नका, ओढेल कदाचित, थांबणार नाही.

लेनियरकर

अरेच्चा. म्हणजे बोटीच्या बजेटमधूनच गाडीही काढायची? की डेस्टिनला तिथेच भाड्याने पाँटून घ्यावा आणि इथली बोट डॉकवरून हलवूच नये?

नॉर्मनवाली

भाड्याने घ्या हो. आम्ही तेच करतो. डेस्टिनच्या क्रॅब आयलंडला जायला तिथे सगळं मिळतं, आणि मग ते खाऱ्या पाण्याचं फ्लशिंग पण त्यांच्याच डोक्याला. शनिवारची ट्रायल झाली की लिहा, सासूबाई विचारतायत तुमच्या आई चढल्या का म्हणून.