चौकटीतल्या प्राण्याला आवाज द्यावा का?

टिपकागद

एकट्याच्या बळावर काम करणारे व्यंगचित्रकार आणि त्यांच्या प्राण्यांच्या वेबकॉमिक्स हा माझा अतिशय आवडता प्रांत. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार दिसते. कॉमिक जरा रुजली, वाचक जमले, की चित्रकार त्याच पात्रांचे दोन-तीन मिनिटांचे ॲनिमेटेड लघुपट करायला घेतो. सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवायचो. आता मात्र मला वाटतं की यात बहुतेक वेळा कॉमिकचा बळी जातो.

पहिलं कारण आवाजाचं. चौकटीतला कोल्हा फुग्यातून बोलतो तेव्हा तो आवाज माझा असतो, तुमच्या डोक्यात तुमचा. लघुपटात त्याला एकच आवाज मिळतो आणि तो कायमचा चिकटतो. कॉमिकच्या जुन्या पट्ट्या पुन्हा वाचायला घेतल्या तरी तोच ऐकू येतो. 'कॅल्विन अँड हॉब्स' (1985 ते 1995) काढणाऱ्या बिल वॉटरसनला ॲनिमेशनबद्दल मनापासून ओढ होती, पण आपल्या पात्रांना आवाज मिळणार ही कल्पनाच त्याला अस्वस्थ करायची. त्याने ते होऊ दिलं नाही. हॉब्स इतरांसमोर कापडी वाघ असतो आणि कॅल्विन या लहान मुलासोबत जिवंत. हा बदल दोन चौकटींच्या मधे होतो, कुणी बघत नसताना. पडद्यावर तो दाखवायचा कसा? दाखवला की एक बाजू खरी ठरली, आणि त्या पट्टीचा प्राणच गेला.

दुसरं कारण साध्या गुणाकाराचं. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या 24 चौकटी. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. तीन मिनिटांना 2160. दर आठवड्याला चार चौकटींची एक पट्टी धरली तर तेवढ्या चौकटींत दहा वर्षांहून जास्त कॉमिक होते. एका माणसाच्या हातात किती वर्षं असतात?

खारूताई

टिपकागद, हा हिशेब दिसायला जबरदस्त आहे, पण चुकीचा आहे. कॉमिकची चौकट म्हणजे पूर्ण चित्र: मांडणी, पार्श्वभूमी, अक्षरं, फुग्याची जागा, सगळं. ॲनिमेशनमधलं प्रत्येक चित्र तसं नसतं. पार्श्वभूमी एकदाच काढली जाते. पात्र स्थिर असेल तर एकच चित्र दोन सेकंद चालतं. चालण्याचं एक आवर्तन काढलं की तेच फिरवता येतं. हालचालीतले मुख्य पवित्रे आणि त्यांना जोडणारी मधली चित्रं यांच्या मेहनतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हे फुकट सुटण्यासारखं काम नाही, मान्य. विन्झर मॅके हा वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार. त्याच्या 'गर्टी द डायनोसॉर'मध्ये (1914) पार्श्वभूमीवर ठेवायच्या पारदर्शक कागदांची सोय नव्हती, म्हणून मागचे डोंगर आणि तळं प्रत्येक चित्रावर पुन्हा गिरवावं लागलं. ते गिरवण्याचं काम एका तरुण मदतनिसाने केलं. आणि त्यातून काय उभं राहिलं? एक अवाढव्य प्राणी जो लाजतो, हट्ट करतो, रागावलं की रडतो, तहान लागली की अख्खं तळं पिऊन टाकतो. गर्टी एक शब्द बोलत नाही. तिचा स्वभाव तिच्या वजनात आहे, मान वळवण्याच्या वेगात आहे. चार चौकटींत हे येत नाही, कितीही थोर चित्रकार असू द्या.

आवाजाची भीती असेल तर बोलू देऊ नका, प्रश्न मिटला. सायमन टोफिल्डचं 'सायमन्स कॅट' 2008 मध्ये लोकांसमोर आलं. काळी रेघ, पांढरा कागद, संवाद नाहीत, आणि मांजराचे सगळे आवाज त्याने स्वतः काढलेले. पुस्तकं नंतर आली. म्हणजे उलटा प्रवासही होतो.

टिपकागद

खारूताई, गर्टी आणि ते मांजर दोघंही हलण्यासाठीच जन्माला आले. माझा प्रश्न चौकटीत जन्मलेल्यांचा आहे. रॉबर्ट क्रम्बचा फ्रिट्झ हा बोका आठवा. 1972 मध्ये राल्फ बक्षीने त्याच्यावर चित्रपट केला. क्रम्बला तो इतका खटकला की त्याने पुढे कॉमिकमध्ये फ्रिट्झला मारूनच टाकलं. स्वतःचं पात्र संपवावंसं वाटणं ही लहान गोष्ट नाही.

खारूताई

पण तो चित्रपट दुसऱ्याने केलेला! आपण स्वतःच्या हाताने करणाऱ्यांबद्दल बोलतोय ना? मग वॉल्ट केली घ्या. 'पोगो'चा जनक. दलदलीतला पॉसम (पिल्लांना पिशवीत वाढवणारा छोटा अमेरिकन प्राणी), मगर, घुबड असा सगळा गोतावळा. पूर्वी डिस्नेत काम केलेला माणूस, म्हणजे या कामात किती घाम गळतो हे त्याला पक्कं ठाऊक. तरीही आयुष्याच्या शेवटी त्याने पत्नी सेल्बीसोबत 'पोगो'चा एक लघुपट हाताने रंगवायला घेतला. विषय निसर्गाच्या नासाडीचा. इतकी वर्षं पट्टी काढल्यावरही त्याला ही पात्रं हलताना बघायची होती, आणि ती आपल्याच हातून.

टिपकागद

तो लघुपट आजारपणामुळे अपुरा राहिला. 1973 मध्ये केली गेला.

मधली जागा

अपुरा राहिला म्हणून करायलाच नको होता, असं थोडंच आहे? पण मूळ मुद्द्यावर मी टिपकागद यांच्या बाजूने आहे, फक्त कारण वेगळं. आवाजापेक्षा मोठी गोष्ट वेळेची आहे. कॉमिक कशी चालते यावरच्या स्कॉट मॅक्लाउडने 1993 च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेबद्दल लिहिलं, की तिथे घडणारी गोष्ट वाचक स्वतः घडवतो. ती जागा म्हणजे एक क्षण की एक रात्र, हे माझ्यावर असतं. मी एका चौकटीवर पाच मिनिटं थांबू शकतो. लघुपटात थांबण्याचा हक्क माझा नाही.

आणि स्थिरपणाची ताकद बघायची असेल तर रायन नॉर्थची 'डायनोसॉर कॉमिक्स' बघा, 2003 पासूनची. सहा चौकटी, तेच टी-रेक्स, त्याच पायाखाली तेच घर, चित्रं दर वेळी अगदी तीच. बदलतात फक्त शब्द. तो पाय कधीच खाली टेकत नाही, त्यामुळे त्याखाली काहीही बोलता येतं. हे ॲनिमेट करायचं म्हटलं तर करणार काय?

रात्रपाळी

मी बहुतेक वेळा नुसती वाचते, पण हा धागा माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो, म्हणून लिहिते. मी एका साळिंदराची कॉमिक काढते. दिवसा नोकरी, रात्री साळिंदर.

कॉमिकमध्ये त्याचे काटे मी निबने ओरखडून काढायचे, दर वेळी वेगळे, कधी सत्तर, कधी शंभर. पहिला लघुपट करायला घेतला आणि दहाव्या चित्रापाशी कळलं की हे काटे थरथरताहेत. प्रत्येक चित्रात ते जरा वेगळे पडतात, आणि चित्रं सलग पळवली की अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. पट्टे, ठिपके, काटे, दाट लव हे एकट्याने ॲनिमेशन करणाऱ्याचे शत्रू आहेत. शेवटी मी काटे अकरा केले. जाड, मोजलेले, प्रत्येकाला क्रमांक. तिसरा उजवीकडे झुकतो, सातवा सगळ्यात उंच.

मग जे झालं ते मला आधी दिसलं नव्हतं. कॉमिकमधलं साळिंदरही अकरा काट्यांचं झालं. हाताला तीच सवय लागली. जुन्या पट्ट्यांतला तो अस्ताव्यस्त जीव मला आता काढता येत नाही, प्रयत्न करून पाहिला. टिपकागद म्हणतात तो बळी मी दिलाय. पण त्याच कामात मला पहिल्यांदा समजलं की तो बसतो कसा. आधी मागचं अंग टेकतो, मग उसासा, मग पुढचं. सहा वर्षं काढत होते आणि हे माहीत नव्हतं. आता कॉमिकमध्ये नुसतं बसलेलं साळिंदर काढलं तरी ते खरंच बसलेलं असतं.

टिकण्याबद्दलही सांगते, कारण त्यावर कुणी बोललं नाही. माझे पहिले तीन लघुपट फ्लॅशमध्ये होते, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा आधार संपला आणि ब्राउझरमध्ये ते उघडेनासे झाले. एकाचा व्हिडिओ करून ठेवला होता, तो वाचला. उरलेल्या दोघांच्या मूळ फाइल बिघडलेल्या डिस्कवर गेल्या. कॉमिकची पहिली पट्टी आजही एका क्लिकवर उघडते, साधं चित्रच तर आहे.

जुनी पाटी

रात्रपाळी, तुमच्या दोन लघुपटांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं.

मला पैशाची आणि माणसांची बाजू मांडायची आहे. 'लॅकाडेझी' ही ट्रेसी बटलर यांची वेबकॉमिक 2006 पासूनची, 1920 च्या दशकातल्या अमेरिकेत दारूबंदीच्या काळात चोरटी दारू विकणाऱ्या मांजरांची. वाचकांनी 2020 मध्ये वर्गणी काढून लघुपटासाठी पैसे उभे केले, तो 2023 मध्ये आला. मी आधी लघुपट पाहिला, मग कॉमिककडे गेलो आणि पहिल्या पानापासून सगळी वाचली. माझ्यापुरतं तरी लघुपटाने कॉमिकचं काही बिघडवलं नाही, दार उघडलं.

पण तो एकटीचा उद्योग राहिला नाही, तिथे मोठा चमू आहे. व्यंगचित्रकाराला त्यासाठी माणसं सांभाळावी लागतात, वेळापत्रकं लावावी लागतात. ज्याला हे झेपतं त्याने जरूर करावं. ज्याला फक्त रेघ ओढायला आवडते त्याच्यावर वाचकांनी 'आता ॲनिमेशन कधी?' म्हणून दबाव आणू नये. या प्रश्नाचा मला राग येतो. त्यात कॉमिक म्हणजे पुढच्या कशाची तरी तयारी, असं गृहीत धरलेलं असतं.

पिंपळपान

सगळे माध्यमावर बोलताय, प्राण्यावर कुणीच नाही. व्यंगचित्रकार प्राणी का निवडतो? पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हे आहेत, पण त्यांचं बोलणं पदावरून उतरलेल्या कारभाऱ्यांचं आहे. आर्ट स्पीगलमनच्या 'माउस' या चित्रकथेतले ज्यू उंदीर आणि नाझी मांजरं हे मुखवटे आहेत, आणि ते मुखवटे आहेत हे पुस्तक लपवत नाही. 1992 मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. चौकटीतला प्राणी हा असा बोलणारा माणूस असतो. तो दोन पायांवर चालतो की चार, हे कॉमिकमध्ये विचारावंच लागत नाही. कमरेपर्यंत काढलं की झालं.

तो हलायला लागला की हा प्रश्न टळत नाही. पाय दिसतात, शेपटीला काहीतरी करावं लागतं. 'फ्लो' हा 2024 चा लॅटव्हियन चित्रपट बघा. गिन्ट्स झिलबालोदिस आणि त्याच्या छोट्या चमूने ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर केला आणि ऑस्कर मिळवलं. त्यातले प्राणी बोलत नाहीत, चार पायांवर चालतात, घाबरतात तेही प्राण्यासारखे. आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबाराचा (दक्षिण अमेरिकेतला मोठा कृंतक प्राणी) आवाज मात्र उंटाच्या पिल्लाचा घेतला, खरा त्या पात्राला शोभेना म्हणून.

माझ्या मते भांडण इथेच सुटतं. कॉमिकला मुखवटा हवा असतो, ॲनिमेशनला अंग. एकाच व्यंगचित्रकाराने दोन्ही करावं, पण लघुपटात कॉमिकचे संवाद नेऊ नयेत.

टिपकागद

पिंपळपान, हे मला पटलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या मुद्द्यापुरतं. वेळेबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे. रात्रपाळी यांचे ते ओरखडलेले काटे गेले ते गेलेच. वाचक म्हणून मला ते परत हवे आहेत.

खारूताई

रात्रपाळी, एक विचारू? तुमचं साळिंदर घाबरलं की काय करतं?

रात्रपाळी

शेपटीचे काटे हलवतं. खरी साळिंदरं करतात ते. शेपटीवरचे काही काटे पोकळ असतात, त्यांचा आवाज होतो. कॉमिकमध्ये मी चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'खुळखुळ' लिहिते, बस्स. पुढच्या लघुपटात तोच प्रसंग आहे आणि दोन महिने मी त्यापाशी अडून बसलेय. वाळलेल्या शेंगा हलवून पाहिल्या, बांगड्या, सुकलेलं गवत. एकही तो आवाज नाही. एका वाचकाने मला लिहिलं होतं की त्याला तिथे पावसाचा पहिला शिडकावा ऐकू येतो.

टिपकागद

मग ते रेकॉर्ड करू नका. तेवढा एक क्षण मुका ठेवा.

खारूताई

नका ठेवू. शेंगा आणखी थोड्या वाळू द्या, मग परत हलवून बघा.