जास्वंद कळ्या टाकतेय, दुपारी मान टाकते, काय करू? (नागपूर, गच्ची)

गच्चीवाली_नागपूर:
नमस्कार मंडळी. आमची गच्ची पश्चिमेला आहे, मे लागला की पारा ४४-४५ च्या खाली यायचं नावच घेत नाही. मोगरा मस्त फुलतोय पण जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात, नुसता हात लागला तरी. आणि दुपारी झाड असं लोळतं की बघवत नाही, म्हणून मी सकाळ दुपार संध्याकाळ तीनदा पाणी घालतेय तरी खालची पानं पिवळीच. कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या. गुलाबाच्या तर काड्या झाल्यात, खत टाकू का? आणि सासूबाई म्हणतात कूलरच्या टाकीतलं पाणी वाया जातं ते घाल, चालेल का?

वऱ्हाडी_माळी:
ताई, पाणी जास्त होऊन राहिलं. दुपारी मान टाकली म्हणजे तहानच लागली असं नसते, पानांतून पाणी इतकं झपाट्यानं उडते की माती ओली असूनही मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. सूर्य कलल्यावर झाड आपोआप उभं राहते का ते पहा, राहिलं तर काहीच करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर पाणी नको. सतत चिखल राहिला की मुळं सडतात आणि मग खालची पानं पिवळी पडतात.
काळी कुंडी हे दुसरं दुखणं. पोसणारी बारीक मुळं कुंडीच्या कडेलाच असतात, नेमकी तीच भाजतात. आता भर उन्हाळ्यात कुंडी बदलायच्या भानगडीत पडू नका, बाहेरून गोणपाट गुंडाळा आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. वरून पालापाचोळा नाहीतर नारळाच्या शेंड्या.
कूलरचं पाणी नकोच. पाणी उडून जाते, क्षार टाकीत राहतात, ती पांढरी खपली दिसते ना कूलरच्या वुडवूलवर (जाळीतल्या गवतावर), तेच कुंडीत जाईल. एसीचं पाणी चालते.

बाल्कनी_पुणे:
दुपारी पाणी नकोच असं सरसकट नको हां. माझ्या लटकत्या कुंड्या अकरालाच कोरड्या ठाक होतात, त्यांना संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायचं का? माती खरंच कोरडी असेल तर द्यायचं, फक्त उन्हात पडलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, चहा होईल इतकं तापलेलं असतं ते. आणि माती आक्रसून कडेला फट पडली असेल तर वरून कितीही ओता, सगळं बाजूनं खाली निघून जातं. अशी कुंडी टबात ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

मोगरा_प्रेमी:
सगळे पाण्यावरच बोलताय, कीड कुणी बघितली का? गळलेली कळी फोडून बघा आत काही वळवळतंय का, आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं असेल तर तो पिठ्या ढेकूण. पानांवर बारीक फिकट ठिपके असतील तर पांढऱ्या कागदावर पान झटका, हलणारे लाल कण दिसले तर लाल कोळी, कोरड्या उन्हात त्यांचं फावतं. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिली आणि लिक्विड सोपचे थेंब. मारायचं ते ऊन उतरल्यावरच, नाहीतर पानं करपतात.
गुलाबाला आत्ता खतही नको न छाटणीही नको, त्याला फक्त जगू द्या, छाटणी ऑक्टोबरात. जास्वंद आणि गुलाबावर ५० टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट बांधा, मोगरा मात्र बाहेरच ठेवा, सावलीत गेला की नुसती पानंच येतात. त्याचा बहर ओसरला की शेंडे खुडा, पुन्हा फुटवा येतो.

गच्चीवाली_नागपूर:
थँक्यू सगळ्यांना! आत्ताच बघितलं, देठापाशी पांढरं पीठच आहे हो, मी धूळ समजत होते. बोट घातलं तर माती वर कोरडी, खाली पचपचीत. सासूबाईंना क्षारांचं सांगितलं, पटलेलं नाही 😄 पण मुंग्यांची रांग पण आहे खोडावर, ती का?

मोगरा_प्रेमी:
पिठ्याच्या अंगातून गोड चिकट रस येतो, त्यासाठीच येतात त्या, आणि त्याला या फांदीवरून त्या फांदीवर नेऊनही सोडतात. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारणी पुरणार नाही. कुंडी विटांवर उचलून ठेवा, भिंतीला टेकलेली फांदी कापा, जास्त पीठ असलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, गच्चीतच नका ठेवू.