मदत हवी आहे: भरलेल्या स्टेडियममधून फोनवर मॅच ऐकवायची आहे, नेट टिकत नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे संघ समोरासमोर आले की मॅचच्या तासभर आधीसुद्धा बसायला जागा मिळणं मुश्कील. माझे वडील, आप्पा, याच मैदानावर गोलकीपर म्हणून खेळले. आता काचबिंदूमुळे त्यांना फार कमी दिसतं आणि गर्दीत पायऱ्या चढणं तर अशक्यच. म्हणून मी मॅचला जाते आणि फोनवरून त्यांना सगळं सांगत राहते. पुण्याचे काका आणि आप्पांचे एक-दोन जुने सोबती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुप कॉलवर असतात.

आप्पांना नुसता स्कोअर नको असतो. कॉर्नर मिळाला की लगेच विचारणार, "कीपर लाइनीवरच हाय का पुढं आलाय? बॉल धरला का पंच केला?" मी जरा अडखळले तरी त्यांना कळतं की पोरगीचं लक्ष दुसरीकडं आहे.

साध्या मॅचला काहीच अडचण येत नाही. गर्दीची मॅच असली की वॉर्मअपपर्यंत आवाज स्वच्छ, नंतर तुटायला लागतो. हाफटाइमला तर कॉल लागतच नाही. फोनवर ५जी आणि सगळ्या कांड्या दिसतात, पण साधा मेसेजही घड्याळाचं चिन्ह दाखवत अडकून राहतो. मॅच सुटून लोक बाहेर पडले की सगळे मेसेज एकदम जातात. गेल्या सीझनच्या एका फायनलमध्ये बरोबरीचा गोल झाला तेव्हा कॉल बंद होता. आप्पांना तो गोल शेजारच्या पोरानं येऊन सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण मला फार लागलं.

एअरप्लेन मोड करून झालं, दुसऱ्या कंपनीचं सिम घालून झालं, मैत्रिणीच्या हॉटस्पॉटवर जोडून झालं. यूट्यूबवर लाइव्ह असतं ते माहीत आहे, पण स्क्रीन त्यांना दिसत नाही आणि तिथली कॉमेंट्री दिसणाऱ्यांसाठी असते. चित्र समोर आहे असं धरून ते बोलतात.

तर विचारायचं हे: कांड्या पूर्ण असताना नेट का मरतं? माझ्या हातात काय करण्यासारखं आहे? आणि अशा मैदानावर वाय-फाय बसवणं खरंच अवघड असतं का?

प्रतिसाद १:
ताई, मी टेलिकॉममध्ये काम करतो. टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठा ऐकू येतो, एवढंच कांड्या सांगतात. त्या टॉवरवर तुमच्यासारखे किती जण रांगेत आहेत ते त्यात दिसत नाही. त्यात तुमची अडचण 'अपलोड'ची आहे. टॉवर दहा-वीस वॅटनं बोलतो, फोनची ताकद जास्तीत जास्त ०.२ वॅट. गोल झाला की हजारो फोन एकाच वेळी व्हिडिओ वर ढकलतात आणि एकमेकांच्या सिग्नलचा गोंगाट करतात. हॉटस्पॉटचा उपयोग नाही, कारण मैत्रिणीचा फोनही त्याच रांगेत उभा आहे.

तुमच्या अडचणीवरचा उपाय सोपा आहे: व्हॉट्सअ‍ॅप कॉल सोडा, साधा फोन करा. ४जीवर साधा कॉल व्होल्टीईनं, म्हणजे ४जीवरून आवाज नेण्याच्या खास सोयीनं जातो आणि त्याच्यासाठी नेटवर्क ठराविक जागा राखून ठेवतं. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज मात्र रील आणि फोटोंच्याच गर्दीतून जातो, त्याला कुणी वाट देत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क ५जीवरून ४जीवर आणा, गर्दी व्हायच्या आधीच कॉल लावा आणि कापू नका. चालू कॉल टिकण्याची शक्यता नवीन कॉल लागण्यापेक्षा बरीच जास्त असते.

प्रतिसाद २:
मैदानात जाऊन फोन कशाला, असं माझं स्पष्ट मत. नेदरलँड्समध्ये पीएसव्ही आयंदोव्हेन या फुटबॉल क्लबच्या समर्थकांनी २०१४ मध्ये स्टेडियममधल्या वाय-फायविरुद्ध फलक धरले होते. ओरडायला आलेला माणूस स्क्रीनकडं बघत बसला तर टीमला कोण उचलून धरणार?

धागालेखिका:
दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, मीही रील काढत नाही. पण ज्यांना मैदानावर येताच येत नाही त्यांच्यापर्यंत मॅच पोचवायची असेल तर फोनशिवाय माझ्याकडं दुसरं काय आहे? आप्पांनी अख्खं तारुण्य त्या गोलपोस्टखाली काढलंय.

प्रतिसाद १, साध्या कॉलचं हे कुणी सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार. पण मग काका आणि बाकीचे कसे जोडायचे?

प्रतिसाद ३:
ते घरातून करा. तुमचा साधा कॉल घरच्या एका फोनवर स्पीकरवर घ्या. शेजारी दुसरा फोन ठेवून त्यावर घरच्या वाय-फायनं ग्रुप कॉल लावा. म्हणजे स्टेडियममधून एकच बारीक धागा येतो, पुढचं वाटप घरून.

वाय-फायबद्दल: अवघड आहे, पण अशक्य नाही. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल, म्हणजे वेगळ्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. शिवाय माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं, त्यामुळे रिकाम्या स्टेडियमवर घेतलेली चाचणी भरल्यावर खोटी ठरते. म्हणून मोठ्या स्टेडियममध्ये एक ताकदवान राउटर न लावता शेकडो छोटे लावतात, काही ठिकाणी चक्क खुर्च्यांखाली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच लोक येतात. लंडनच्या टॉटनहॅम क्लबचं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं, बासष्ट हजारांवर प्रेक्षकांचं. तिथं हे जाळं बांधकामातच धरलं होतं. जुन्या मैदानावर केबल नंतर ओढायची म्हणजे खर्च कितीतरी वाढतो. मोठ्या मॅचपुरता कंपन्यांनी चाकांवरचा फिरता टॉवर आणून उभा करणं, हा त्यातला परवडणारा मार्ग. यात्रांना आणि मोठ्या कार्यक्रमांना तो आणतातच. संयोजकांनी मॅचच्या पुरेशी आधी कंपन्यांना लेखी मागणी करायला हवी.

आणखी एक. केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यात चहावाला किंवा किराणा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय आपल्या ब्रॉडबँडवरून लोकांना वाय-फाय देऊ शकतो. मैदानाला लागून एखादं फायबरवालं दुकान असेल तर त्याच्याशी बोलून बघा. तुमची बसायची जागा त्या बाजूला घेतली की झालं. फक्त फोन वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडा, २.४ वर तीनच चॅनेल असल्यानं गर्दी होते.

धागालेखिका:
सगळ्यांचे आभार. रविवारच्या मॅचला साधा कॉल लावून बघणार आहे, आणि चहाच्या गाड्यामागं एक झेरॉक्सचं दुकान आहे, त्यांच्याकडं फायबर आहे का ते उद्या विचारते.

काल घरी दोन फोनची जोडणी करून बघितली. शेजारी ठेवले की आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. काकांचा आवाजही आप्पांना ऐकू यायला हवा, त्यामुळे ग्रुपचा फोन म्यूट करता येत नाही. यावर कुणाकडं तोडगा आहे का?

प्रतिसाद ३:
ग्रुप कॉलच्या फोनला इयरफोन लावा आणि एक बाजू आप्पांच्या कानात द्या. तुमचा आवाज दुसऱ्या फोनच्या स्पीकरवरून त्यांच्या मोकळ्या कानाला मिळेल. इयरफोनचा माइक त्या स्पीकरजवळ राहील एवढं बघा. काकांचा आवाज बाहेरच येणार नाही, म्हणजे घुमणार नाही.