‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’? प्रदर्शनाच्या पाटीवर कोणता शब्द योग्य?

प्रश्न (कराडची वाचक)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या कागदपत्रांचे छोटे प्रदर्शन भरणार असून इंग्रजी पाट्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. हे कागद एका घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाले. ते मोडी लिपीत आहेत, घड्यांवर विरले आहेत आणि त्यांतल्या एका यादीवर शके १७७० असे स्पष्ट वाचता येते. त्या यादीत सुताराला जोंधळे दोन मण, लोहाराला हरभरे सहा पायल्या अशा नोंदी आहेत. मी पाटीवर ‘हिस्टॉरिक डॉक्युमेंट्स’ असे लिहिले होते. मांडणी पाहायला आलेल्या एका प्राध्यापकांनी ते खोडून ‘हिस्टॉरिकल’ केले. मात्र कारण विचारायचे राहून गेले. आपल्याकडे दोन्हींना ‘ऐतिहासिक’च म्हणतात, मग फरक कोणता?

उत्तर १ (सांगलीचे निवृत्त इंग्रजी शिक्षक)

ताई, प्राध्यापकांची दुरुस्ती योग्य आहे. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित किंवा भूतकाळातले. त्यात थोर-सामान्य असा निवाडा नसतो. ‘हिस्टॉरिक’ म्हणताना मात्र ती गोष्ट इतिहासात महत्त्वाची ठरली, असे आपण ठामपणे सांगत असतो.

आमच्या सांगलीचेच उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला आणि त्यातून मराठी रंगभूमीचा आरंभ झाला, म्हणून तो प्रयोग निःसंशय ‘हिस्टॉरिक’ आहे. परंतु त्या नाटकाला ‘हिस्टॉरिकल प्ले’ म्हणता येणार नाही, कारण त्याचे कथानक रामायणातले, म्हणजे पौराणिक आहे. उलट शिवकाळावर आज कोणी नाटक लिहिले, तर ते पहिल्या रात्रीपासून ‘हिस्टॉरिकल’ असेल. ‘हिस्टॉरिक’ ठरेल की नाही, हे पुढे काळच ठरवील. मराठीतही आपण ‘ऐतिहासिक कादंबरी’ आणि ‘ऐतिहासिक निर्णय’ या दोन प्रयोगांत हा फरक मनातल्या मनात करतोच, फक्त त्यासाठी वेगळा शब्द वापरत नाही. वर्गात हे समजावताना मी पहिल्यासाठी ‘इतिहासविषयक’ आणि दुसऱ्यासाठी ‘युगप्रवर्तक’ असे शब्द ठेवून पाहायला सांगत असे.

उत्तर २ (वाईचा मोडी वाचक)

सरांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. शके १७७० म्हणजे इ. स. १८४८-४९. छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर त्यांचे दत्तकविधान नामंजूर करून डलहौसीच्या सरकारने साताऱ्याचे राज्य खालसा केले, तेही १८४८ मध्येच. खालसा करण्याचा तो निर्णय ‘हिस्टॉरिक’, कारण त्यामुळे एका राज्याचा शेवट झाला. त्याच सुमारास गावात सुताराला किती जोंधळे मिळाले हे सांगणारी आपली यादी मात्र ‘हिस्टॉरिकल’. यात यादीला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. बलुत्याची पद्धत प्रत्यक्षात कशी चालत होती, हे अशाच कागदांतून कळते आणि मला स्वतःला असे कागद वाचताना फार मोठा आनंद होतो. म्हणून ‘हिस्टॉरिकल’ हा शब्द दुय्यम दर्जाचा मानू नये, एवढीच विनंती.

उत्तर ३ (साताऱ्यातील अनुवादक)

वास्तूंच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. जुन्या, जपण्याजोग्या इमारती, किल्ले आणि शहरे यांना इंग्रजीत सर्रास ‘हिस्टॉरिक’ म्हणतात, जरी तिथे प्रत्येक वेळी मोठी घटना घडलेली नसली तरी. इंग्लंडमधल्या वारसा-संरक्षण संस्थेचे नावच ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ आहे. म्हणून ‘हिस्टॉरिक फोर्ट ऑफ अजिंक्यतारा’ हे बिनचूक ठरते. मात्र या जोडीवरून इतर शब्दांचा नियम बांधू नये. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवहाराशी संबंधित आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचा, इतकी ती जोडी वेगळ्या वाटेने गेली आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पाटी आजच नव्याने लिहिते: ‘हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स’, आणि त्याखाली त्या यादीतल्या सुताराची व लोहाराची ओळ मराठीत उतरवून लावते. वाईच्या सदस्यांना विनंती आहे की, दोन पावत्यांवरचा काळ अजून लागलेला नाही. छायाचित्रे पाठवली तर आपण पाहाल का?