अरबी येत नसताना अरबांच्या इंग्रजी कादंबऱ्यांवर पीएचडी करता येते का?

खारपाणपट्ट्यातली

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. (पगाराचं विचारू नका, मे महिन्यात तर नकोच.) अरब लेखकांनी मुळातच इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्या हा विषय पीएचडीला घेतलाय. मागच्या आठवड्यात आरआरसी (विषयाला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती) झाली. एका सरांनी दुसऱ्याच पानावर फाइल मिटली आणि विचारलं, "मॅडम, अरबी येते का?" म्हटलं, नाही. "मग करता कसं?" म्हटलं, कादंबऱ्या इंग्रजीतच आहेत सर. बाजूचे सर हसले. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत आला, सुधारून आणा म्हणून.

माझी यादी अशी: अमीन रिहानीची 'द बुक ऑफ खालिद' (१९११), वगीह घालीची 'बीअर इन द स्नूकर क्लब' (१९६४), तायेब सालिहची 'सीझन ऑफ मायग्रेशन टू द नॉर्थ', अहदाफ सुएफची 'द मॅप ऑफ लव्ह' (१९९९), लैला अबुलेलाची 'द ट्रान्सलेटर' (१९९९), हिशाम मतरची 'इन द कंट्री ऑफ मेन' (२००६).

खरं सांगायचं तर सरांचा प्रश्न मला झोंबला, कारण तो मलाही पडला होता. सुएफच्या कादंबरीत कैरोतली अमल ही इझाबेल नावाच्या अमेरिकन मुलीला अरबी शिकवते. तीन अक्षरांचं मूळ धरायचं, त्यातून शब्दांचं सगळं गणगोत निघतं. 'कल्ब' म्हणजे काळीज, त्याच मुळापासून उलथणं, आणि त्यातूनच इन्किलाब. हे पान मी एसटीत सात-आठ वेळा वाचलं. इंग्रजी सगळं कळतं, तरी दाराआड कोणीतरी बोलतंय आणि आपल्याला नुसता आवाज येतोय असं वाटत राहतं.

अरबी शिकू की विषय बदलू? सासूबाईंचं म्हणणं, "अरबाचं काय घेऊन बसली, तूर सोंगाची हाये."

वऱ्हाडी_वाचक

ताई, आधी तायेब सालिहला यादीतून काढा. ती कादंबरी अरबीत लिहिलेली आहे, १९६६ची. तुमच्या हातात आहे तो डेनिस जॉन्सन-डेव्हिसचा १९६९चा अनुवाद. त्या सरांच्या नजरेत बहुतेक हेच आलं असेल, आणि मग प्रश्न वावगा नव्हता. ही चूक लय जण करतात, मी एमएला केली होती.

त्याच्या जागी जब्रा इब्राहिम जब्रा पाहा. पॅलेस्टिनी माणूस, बगदादला स्थायिक झाला, बाकीचं लेखन बहुतेक अरबीत, पण १९६०ची 'हंटर्स इन अ नॅरो स्ट्रीट' थेट इंग्रजीत. दोन्ही भाषा हाताशी असताना माणूस एका पुस्तकापुरती भाषा का बदलतो? मला तर हाच प्रबंधाचा गाभा वाटतो. प्रत्येकाचं उत्तर निराळं निघतं. रिहानी पोरवयात लेबनॉनहून न्यूयॉर्कला गेला. अबुलेला खार्तूममध्ये वाढली, लंडनला स्टॅटिस्टिक्स शिकली आणि स्कॉटलंडला राहायला गेल्यावर लिहू लागली. 'द ट्रान्सलेटर'ची नायिका समर हीसुद्धा ॲबर्डीनमध्ये अरबीचं इंग्रजी करून पोट भरते.

आणि सुएफची गंमत ऐका. तिची आई फातमा मूसा इंग्रजी साहित्याची प्राध्यापक. लंडनला पीएचडी करत होती, म्हणून लेकीचं थोडं बालपण तिकडे गेलं. पुढे 'द मॅप ऑफ लव्ह' अरबीत आणली ती या आईनेच. म्हणजे या पुस्तकाचं मूळ इंग्रजी, अरबी हा अनुवाद. आरआरसीत हे सांगा आणि गप्प बसा.

यादीही कमी करा. १९११ ते २००६ म्हणजे एका बैलाला चार तिफणी जुंपणं झालं.

संत्र्याची_बाग

आपल्या कापसाले भाव नाही अन् हे चालले कैरोले! वऱ्हाडीत काय कमी पडलं होतं?

खारपाणपट्ट्यातली

दादा, कापसाचंच बोला मग. १८६१ला अमेरिकेत युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा ज्या मुलखांचा भाव एकदम चढला त्यात नाईलचं खोरं होतं आणि आपला वऱ्हाडही होता. युद्ध संपलं, दोन्हीकडचा भाव उतरला. 'द मॅप ऑफ लव्ह'मध्ये जो लॉर्ड क्रोमर नावाचा इंग्रज अधिकारी आहे, तो मिसरचा (इजिप्तचा) कारभार हाती घ्यायच्या आधी कलकत्त्यात हिंदुस्थान सरकारचं वित्तखातं सांभाळत होता. अमल आपल्या गावच्या शेतीवर जाते आणि तिथली माणसं अडचणी घेऊन तिच्याभोवती बसतात, ते मला परकं वाटलंच नाही.

निवृत्त_नाझर

मी कादंबरीवाला नव्हे. तहसीलमध्ये उभी नोकरी केली, नाझर म्हणून सुटलो. उर्दू येत होतं. निवृत्तीनंतर गावच्या मौलवीसाहेबांकडे दोन हिवाळे अरबी अक्षरं गिरवली, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

पोरी, तुझ्या घरी सातबारा असेल. काढ आणि समोर ठेव. तालुका, जिल्हा, खरीप, रब्बी, सगळे शब्द अरबी. तिकडे खरीफ म्हणजे पानगळीचा ऋतू, रबी म्हणजे वसंत. आपण ते पेरणीच्या हंगामांना लावले. आता तुझं ते तीन अक्षरांचं मूळ. ह-स-ल घे. हासील, तहसील, महसूल. तिघं सख्खे भाऊ. ह-क-क घे: हक्क आणि हकीकत. न-ज-र घे: नजर, आणि नजर ठेवणारा तो नाझर, म्हणजे अस्मादिक. मी बत्तीस वर्षं ते पद भोगलं आणि हे कळलं निवृत्तीनंतर.

पण एवढ्यावर अरबी आली असं समजू नको. अरबीत महसूल म्हणजे शेतात आलेलं पीक. आपल्याकडे महसूल म्हणजे त्या पिकामागे सरकारने काढलेला पैसा. शब्द तोच, पण वाटेत कोणाच्या हाती लागला ते पाहा. इंग्रजी कादंबरीत बसलेला अरबी शब्दही असाच तपासावा लागेल, असं मला अडाण्याला वाटतं.

आणखी एक. मराठीत आपण दोन्ही 'कल्ब' एकसारखेच लिहितो. घशातून काढला तर काळीज, साध्या क-ने म्हटला तर कुत्रा. आरआरसीत जपून बोलजो.

खारपाणपट्ट्यातली

काका, पाया पडते. कुत्र्याचं वाचून बसमध्ये एकटीच हसत होते, कंडक्टर वळून पाहून गेला.

सालिह काढला. रिहानी, घाली आणि मतर प्रस्तावनेपुरते ठेवले. जब्रा, सुएफ आणि अबुलेला राहिले. इंग्रजीत न उलथलेले अरबी शब्द हे एक वेगळं प्रकरण केलं. बाजारातल्या उर्दू शाळेच्या बाईंशी बोलले, शनिवारी अक्षरं शिकवतो म्हणाल्या. शब्दकोशात मूळ शोधता आलं तरी मला पुरे. जब्राचं पुस्तक कुठे मिळेना, कोणाकडे असेल तर झेरॉक्सपुरतं द्या, एसटीच्या पार्सलने परत पाठवीन.

काल रात्री पलंगावर सातबारा पसरून पेन्सिलीने शब्दांखाली रेघा मारत होते. सासूबाई दारात येऊन उभ्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "काहून व, वावर विकता का?"