मदत हवी आहे : शिखर परत हुकू नये म्हणून तयारीत काय वाढवू?

रानवाट_कोथरूड (२२ जुलै, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थेट विचारतो. मागच्या ऑगस्टमध्ये शिखर हुकलं. यंदा त्याच बॅचला परत जातोय. ९ तारखेला मनालीहून निघायचं आहे आणि उरलेले पैसे उद्या संध्याकाळी सहापर्यंत भरायचे आहेत. मार्चपासून आठवड्यातून तीनदा आतकरवाडीतून सिंहगड करतोय, पाठीवर दहा किलो घेऊन. मे महिन्यात कात्रज-सिंहगड एका रात्रीत केला. दमसास उत्तम आहे, गुडघे ठीक आहेत. तरी वर गेल्यावर परत तेच होईल अशी धास्ती वाटते. उरलेल्या अडीच आठवड्यांत पळणं वाढवू की जिने? जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.

घाटमाथा (९.५२)

कुठलं शिखर? आणि "तेच" म्हणजे काय? पाय थकले, वेळ संपला, हवामान बिघडलं, काय झालं ते तरी लिहा.

चालतबोलत (९.५८)

बूट कुठले वापरता? मी स्वस्तातल्या बुटांवर तीन हिमालयन ट्रेक केले आणि अंगठ्याची दोन नखं घालवून बसलो. अर्धा नंबर मोठा बूट घ्या, आत लोकरीचे मोजे. उतारावर बोटं पुढे आपटली की सगळा आनंद जातो. आणि नवा बूट घातला की किमान पन्नास किलोमीटर चालल्याशिवाय हिमालयात न्यायचा नाही.

रानवाट_कोथरूड (१०.०५)

हिमाचलातलं युनम, ६,१११ मीटर. बूट व्यवस्थित आहेत. वर डोकं दुखलं आणि मला खाली पाठवलं, एवढंच. व्यायामाबद्दल सांगा ना कुणीतरी.

कातळवेडा (१०.१७)

युनम म्हणजे सगळा घसारा आणि सुटे दगड. दोर, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे बर्फाचे काटे) वगैरे सहसा लागत नाही, पण पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. तोरण्याला किंवा राजगडाच्या चोरदरवाज्याला ज्यांचे पाय तयार झालेत त्यांना तिथं फार परकं वाटत नाही. सिंहगडाची वाट आता पायऱ्यापायऱ्यांची आहे, त्यावर घसाऱ्याचा सराव होत नाही. मोठ्या दगडांवर हात टेकून चढायची सवय करा. तोल महत्त्वाचा, पळून काही होणार नाही.

उत्तरकाशीचा (१०.३१)

कातळवेडा, असले सल्ले देऊन लोकांना ६,००० मीटरवर पाठवू नका. सह्याद्री वेगळा, हिमालय वेगळा. आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, कुठेही. अठ्ठावीस दिवस जातात पण आयुष्यभर पुरतं. आपल्या पुण्यातल्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ साली एव्हरेस्ट केलं, २०१९ मध्ये कांचनजंगा केलं, ते एका रात्रीत झालेलं नाही.

कातळवेडा (१०.३८)

कोर्सला माझा विरोध नाही. पण अडीच आठवड्यांत अठ्ठावीस दिवसांचा कोर्स कसा करायचा ते सांगा. शिवाय त्यांचा प्रश्न तो नाहीच.

सदाफुली (१०.४४)

दादा, कापराची पुरचुंडी खिशात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने हुंगत जा. लसणाचं सूप घ्या. आमच्या अमरनाथच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना याचा फायदा झाला.

लेहवारी (१०.५९)

मी २०१८ ला स्टोक कांगरी केलं, ६,१५३ मीटर. (२०२० ला ते बंद केलं, म्हणूनच युनमला गर्दी वाढली असं माझं मत.) आम्ही लेहला आधी तीन रात्री नुसते बसून होतो, तेव्हा वैताग आला होता. रानवाट, तुम्ही मनालीहून निघाल्यावर कुठल्या रात्री कुठे झोपलात ते ओळीने लिहाल का? व्यायामाचं नंतर बघू.

रानवाट_कोथरूड (११.१२)

लिहितो. दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनाली. नाश्ता करून लगेच निघालो, अटल बोगद्यामुळे दुपारी जिस्पाला. ती रात्र जिस्पा. दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड ओलांडून भरतपूरचा बेसकॅम्प, संध्याकाळी तंबूत. डोकं ठणकायला लागलं, पॅरासिटामॉल घेतली. तिसरा दिवस विश्रांतीचा होता, पण जेवण जाईना, रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी बूट घालून सगळ्यांबरोबर निघणार होतो, पण नाडीची गाठच बसेना. तीनदा सुरुवात केली, बोटं ऐकेनात. शेवटी गाईडने बांधून दिली आणि मग म्हणाला, तुम्ही नका येऊ. जीपने खाली पाठवलं. केलाँगला पोचेस्तोवर डोकं मोकळं झालं होतं, राजमा-चावल मागून खाल्ला. बाकी सगळे वर गेले, त्यातले दोघे तर माझ्यापेक्षा जाड होते. म्हणून वाटतं तयारी कमी पडली.

फिजिशियन_औंध (११.३०)

रानवाट, ती बुटाच्या नाडीची ओळ तुम्ही सगळ्यात आधी लिहायला हवी होती.

डोकेदुखी, मळमळ, उलटी हा विरळ हवेचा नेहमीचा त्रास. पण साधी गाठ बांधता न येणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असू शकते. तिथून पुढे काही तासांत माणूस शुद्ध हरपू शकतो. तुमच्या गाईडने तुम्हाला खाली पाठवलं ते अगदी बरोबर केलं. त्याला भेटलात तर आभार माना.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पळणं वाढवा किंवा जिने चढा, याने हा त्रास टळत नाही. तंदुरुस्त माणसालाही तो होतो, उलट तो भराभर चढतो म्हणून कधीकधी लवकर होतो. ते दोघे जाड होते आणि पोचले, यात काहीच आश्चर्य नाही. पुणे ५६० मीटरवर. सिंहगडाचा माथा १,३१२, कळसूबाई १,६४६. यातल्या कुठल्याही उंचीवर शरीराला विरळ हवेची सवय लागत नाही. ती सवय झोपण्याची उंची हळूहळू वाढवून लागते. ३,००० मीटरच्या वर रोज ५०० मीटरपेक्षा जास्त नको, आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच जागी. तुम्ही जिस्पाहून, म्हणजे सुमारे ३,२०० वरून, एका दिवसात ४,७०० ला झोपायला गेलात. दीड हजार मीटर!

सदाफुलीताई, कापराने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त नको.

लेहवारी (११.४१)

भरतपूरची एक गोष्ट नकाशात पटकन लक्षात येत नाही. ते बारालाच्याच्या पलीकडे आहे. रात्री त्रास वाढला आणि केलाँगकडे उतरायचं म्हटलं, तर आधी वर ४,८९० मीटरच्या खिंडीत चढावं लागतं. दुसऱ्या बाजूला सरचू, तेही ४,२०० च्या वर. म्हणजे पटकन खाली जायला जागाच नाही. म्हणून तिथं पोचण्याआधीच सवय झालेली हवी.

घाटमाथा (११.४८)

+१. पूर्वी रोहतांग ओलांडताना दिवस मोडायचा, त्यामुळे लोक आपोआप सावकाश जायचे. बोगदा झाला आणि तो वेळ वाचला, शरीराला मात्र तेवढेच दिवस लागतात.

चालतबोलत (११.५५)

विरळ हवेच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेऊन टाका की. १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. माझे सगळे मित्र घेतात.

उत्तरकाशीचा (रात्री १२.०३)

डायमॉक्सने लक्षणं झाकली जातात. आम्हाला कोर्समध्ये कुणी दिली नव्हती.

फिजिशियन_औंध (१२.१४)

लक्षणं झाकली जात नाहीत. ती श्वास वाढवते आणि सवय लागायला मदत करते. मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर विचारल्याशिवाय नको, आणि ती घेतली म्हणून दीड हजार मीटरची उडी माफ होत नाही. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, ते माहीत असू द्या. रानवाट, आपल्या डॉक्टरांना भेटून, मागच्या वर्षीचं सगळं सांगून मगच सुरू करा. आणि एक विचारतो, बॅचच्या मेडिकल फॉर्मवर मागचा त्रास लिहिलात का?

रानवाट_कोथरूड (२३ जुलै, सकाळी ७.०५)

नाही लिहिला. नाकारतील अशी भीती होती.

रात्रभर झोप नाही लागली. मी चार महिने चुकीच्या गोष्टीवर घाम गाळला याचं वाईट वाटतंय, पण नाडीची ती सकाळ आता वेगळीच आठवते. आयोजकांना फोन केला, म्हणाले आमचा कार्यक्रम असाच असतो, बदलणार नाही. म्हणून असं ठरवतोय : ५ तारखेला मनालीत मुक्काम. ६ आणि ७ जिस्पा. ८ पत्सेव, ९ आणि १० झिंगझिंगबार, ११ ला भरतपूरला बॅचला गाठतो, त्या दिवशी त्यांची विश्रांतीच असते. तीन दिवसांची जादा रजा आज मागतो. चालेल का?

फिजिशियन_औंध (७.४०)

पत्सेव सुमारे ३,८००, झिंगझिंगबार ४,२५० च्या आसपास. पत्सेवची उडी थोडी मोठी आहे, पण आधी जिस्पाला दोन रात्री आहेत. हे मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी बरं. फॉर्मवर खरं लिहा. गाईडला पहिल्याच दिवशी सांगा आणि तो "खाली" म्हणाला तर वाद घालू नका. डोकं दुखत असेल तर वर झोपायला जायचं नाही. रोज सकाळी सरळ रेषेत टाचेला टाच लावून दहा पावलं चालून बघा, आणि नाडी स्वतः बांधा.

कातळवेडा (८.१५)

आणि सराव सोडू नका. घसाऱ्यावर पाय लागतातच. रविवारी आम्ही चौघे तोरण्याला निघतोय, सकाळी पाचला स्वारगेट. यायचं असेल तर कळवा.

रानवाट_कोथरूड (८.२२)

येतो. फॉर्म दुरुस्त करून पाठवला आहे, उत्तर आलं की इथे लिहीन.

सदाफुली (८.५०)

कुणाला माहीत आहे का, सिंहगडाचा घाटरस्ता चालू आहे की दरडीमुळे बंद? आईंना रविवारी गाडीने न्यायचं आहे.