मौना लोआ आणि आपले डोंगर

हवाई बेटावरचा मौना लोआ हा ज्वालामुखी ‘डोंगरासारखा वाटतच नाही’ असे म्हणतात, ते खरे आहे. ४,१६९ मीटर उंची असूनही पातळ बेसाल्ट लाव्हा दूरवर वाहत गेल्यामुळे त्याचे उतार इतके सौम्य आहेत की पायथ्यावरून शिखर नेमके कोठे आहे, हे ओळखता येत नाही. मात्र बेळगावच्या पश्चिमेचा सह्याद्रीही असाच ढाल-ज्वालामुखी (पालथ्या ढालीसारखा पसरट ज्वालामुखी) आहे, हे मत पटत नाही. आपल्याकडचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांतून बाहेर पडून थरावर थर साचला, आणि त्याची दक्षिणेकडची कड बेळगाव परिसरातच येत असल्याने गोकाकच्या धबधब्याच्या कड्यात लाव्हा नव्हे, तर त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म दिसतो.

हवाईला जाणाऱ्यांनी पायाखालचा खडक अवश्य निरखावा. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला गुळगुळीत लाव्हा म्हणजे पाहोएहोए. त्याचा काचेसारखा पापुद्रा बुटाखाली कुरकुरत फुटतो. धारदार, सुट्या तुकड्यांचा ढीग दिसला तर तो आआ (त्यावर चपला घालून चालण्याची हौस कोणी करू नये). दोन्हींची रासायनिक घडण सारखीच असू शकते. वाहता वाहता थंड व घट्ट होत गेलेल्या पाहोएहोएचा आआ होतो, उलट मात्र सहसा होत नाही.